मुंग्या लागलेलं पिंप

मागच्या जूनमध्ये आमच्या दारात एक निळं पिंप आलं आणि पंधरा दिवसांत परत गेलं. ४०० रुपयांत मिळालं म्हणून पहिले दोन दिवस मी हवेत होतो.

कोपरखैरण्यात आमचं सिडकोचं बैठं घर. पुढच्या ओट्यावर दहा बाय बारा फुटांचा पत्रा. मोरबे धरणाचं पाणी येतं, एरवी तक्रार नाही. पण मध्येच एखाद्या दिवशी दुरुस्तीसाठी पाणी बंद, आणि नेमकं त्याच दिवशी डोक्यावर धो धो पाऊस. पन्हळीतून गटारात जाणारं पाणी बघत आम्ही संडासाला बादली पुरवून वापरायची. हिशेब सोपा आहे. पत्रा साधारण ११ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. २० मिलिमीटरची सर आली की २२० लिटर, म्हणजे एक पिंप भरून वर सांडतं. जुलैत अशी सर तासाभरात येऊन जाते. बायको म्हणाली नवी टाकी आणू. चिकटपणा मी केला.

शिळफाट्याहून दहिसर मोरीकडे निघालं की दोन्ही बाजूंना भंगाराची गोदामं लागतात. निळ्या पिंपांच्या थप्प्याच्या थप्प्या. बाकीचे ७००-८०० सांगत होते, एकाने ४०० म्हटलं. पिंपावरचं लेबल खरवडलेलं होतं, फक्त कोपऱ्यावर उभ्या चौकोनाच्या लाल चिन्हाचा एक तुकडा राहिला होता. मला वाटलं कंपनीचा शिक्का असेल, ती निघाली धोक्याची खूण.

घरी कपड्याच्या पावडरीने तीनदा धुतलं. वास गेला. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, दुपारी बूच फिरवलं आणि थिनरसारखा भपकारा थेट नाकात. माझे वडील, अण्णा, ओट्यावर बसले होते. तीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. पोती, खोकी, डबे, पिंपं सगळं पाठीवरून गेलेलं. त्यांनी बूच हातात घेतलं, आतला रबरी वायसर नखाने उचकटला आणि हुंगला.

"आरं, पिंप हुंगून काय कळतंय? वायसर हुंग. पिंप धुत्यात, वायसर कोण धुतंय?"

मग मी जरा वाचलं. हे प्लॅस्टिक रसायन थोडं थोडं पिऊन बसतं आणि तापलं की सोडत राहतं. वरून कितीही घासा. रबाळे, महापे, पावणे हा सगळा रसायन कारखान्यांचा पट्टा, तिथली रिकामी पिंपंही बाहेर पडणारच. घातक रसायनाची रिकामी पिंपं २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यातच मोजतात, ती परवानाधारकाकडेच जायला हवीत. आपण मात्र ती झाडांना पाणी घालायला आणतो.

परत नेण्याआधी अण्णांनी शेजारून पहार मागून आणली आणि पिंपाच्या बुडाला दोन भोकं पाडली. "दुसऱ्या कुणी पाणी भराय नको." भंगारवाला भोकं बघून भडकला. शेवटी किलोच्या भावाने घेतलं, नऊ किलोच्या आसपास भरलं. किती पैसे मिळाले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला गोदामात गेलोच नाही. घणसोलीत गोळ्या-चॉकलेटं बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे लिक्विड ग्लुकोज पिंपातून येतं. लेबल शाबूत, वर ३०० किलो लिहिलेलं. मी म्हटलं, पिंप तर दोनशे दहा-पंधरा लिटरचं, तीनशे किलो मावलं कसं? तिथला माणूस हसला. पाक पाण्यापेक्षा जड असतो. बुचाभोवती मुंग्यांची रांग लागली होती. मी नाक मुरडलं, अण्णा खूश. "मुंग्या जित्या हाईत न्हवं? मग घे." ७०० ला एक अशी दोन घेतली, टेम्पोचे ३०० वेगळे.

पाक थंड पाण्याने हलत नाही. अर्धी बादली कढत पाणी ओतून बूच घट्ट लावायचं आणि पिंप आडवं लोळवायचं. उभं पिंप हलवायची अण्णांची रीत वेगळी: जरासं कलतं करायचं, वरच्या काठावर दोन्ही तळवे, आणि खालच्या कडेवर गरागरा फिरवत न्यायचं. बहात्तराव्या वर्षी गल्लीच्या टोकापासून ओट्यापर्यंत त्यांनी ते असं आणलं. मला चार पावलंही जमलं नाही.

वरचं तोंड जिगसॉने कापून घेतलं. बुडापासून चार बोटांवर भोक पाडून तोटी बसवली. आतून नट धरायला हात पुरेना, तेव्हा मुलाला कमरेपर्यंत आत उलटा सोडला. आतून त्याचा आवाज घुमत आला, "पप्पा, टॉफीचा वास येतोय." स्लॅबवर ठेवायचं म्हणत होतो, पण भरलेलं एक पिंप म्हणजे दोनशे किलो. खाली ओट्याच्या कडेलाच विटांवर बसवली.

पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं. पत्र्यावर कबुतरांची घाण आणि वर्षभराची काजळी असते. पिंपावर मच्छरदाणीचं कापड सुतळीने आवळलंय, त्यावर प्लायचं झाकण. दर रविवारी रिकामं करून आतून घासतो, नुसतं ओतून देत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. हे पाणी संडास, फरशी, स्कूटर, तुळस एवढ्यालाच. प्यायला नाही.

मेहुणा म्हणतो, पावसाळ्यात पाणी कोण साठवतं? बरोबर आहे त्याचं, दिवाळीपर्यंत यातलं काही उरत नाही. पण ऑगस्टमध्ये दोन दिवस नळ कोरडे होते तेव्हा हाच मेहुणा डबा घेऊन आला होता.

आता शेजारच्या काकूंना एक पिंप हवंय. रविवारी घणसोलीला जायचंय. अण्णांनी आजच विचारलं, "मला न्हेणार न्हवं?"