पावडर ब्लू, लाल मग आणि 76 दिवस

"क्वारंटाईन टँक लाव", म्हणजे नवीन मासा आधी काही दिवस वेगळा ठेवायला दुसरा टँक लाव, हे मला किमान चार जणांनी सांगितलं होतं आणि चौघांनाही मी हो हो म्हणून वाटेला लावलं होतं, कारण डोंबिवलीच्या वन बीएचकेत समुद्री माशांचा, खाऱ्या पाण्याचा चार फुटी मरीन टँक बसवला तेव्हाच घरात अर्धं महाभारत झालेलं, आता दुसरा टँक म्हटलं तर मलाच घराबाहेर काढतील.

मग आला पावडर ब्लू टँग, एक निळा समुद्री मासा. दुकानदार म्हणाला आठ दिवस झालेत येऊन, एकदम हेल्दी, खातोय. खात होता हे खरं. घरी आणला, तासभर पिशवी तरंगवली आणि सोडला थेट मेन टँकमध्ये. चौथ्या दिवशी दगडाला अंग घासायला लागला आणि पाचव्या दिवशी अंगावर बारीक मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके. मरीन इच, म्हणजे माशाच्या अंगावर जगणारा सूक्ष्म परजीवी किडा. सातव्या दिवशी ठिपके गायब, मी खूश, आईला म्हटलं बघ, आपोआप बरा झाला!

तिथेच सगळे फसतात. ठिपका गेला म्हणजे किडा मेला असं नाही, तो पोट भरून खाली उतरतो, वाळूत नाहीतर दगडावर पुटी करून बसतो, आत त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती सुटली की परत मासा शोधतात. दुसरी लाट आली ती टँकमधल्या जुन्या माशांच्या, दोन्ही क्लाऊन आणि एका डॅमसेलच्या अंगावर पण. टँग त्याच आठवड्यात गेला.

इचवरचं औषध म्हणजे कॉपर, तांबं, पण ते मेन टँकमध्ये टाकता येत नाही, कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं मरतं, शिवाय लाईव्ह रॉक, म्हणजे बॅक्टेरिया वसलेले टँकमधले दगड, कॉपर शोषून घेतो. म्हणून मग घाईघाईत क्यूटी, म्हणजे तोच क्वारंटाईन टँक. दोन बाय एक बाय एक फुटाचा साधा काचेचा टँक, धरा 50 लिटर पाणी, पावणेदोन किलोच्या आसपास मीठ, हीटर, एअर पंप. वाळू नाही, दगड नाही. लपायला हार्डवेअरच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसीचे एल्बो आणले, दुकानदाराने विचारलं कुठलं पाईपचं काम काढलंय, म्हटलं माशांसाठी पाहिजेत, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

आणि इथे मी माती खाल्ली. तिन्ही मासे नवीन टँकमध्ये टाकले आणि स्पंज फिल्टर लावला तो कोरा, पाकिटातून काढलेला. बॅक्टेरियाच नाहीत तर माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया खाणार कोण? तिसऱ्या दिवशी अमोनियाची टेस्ट केली तर ट्यूब पिवळी हवी ती हिरवीगार. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो, त्यात अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी पडतो. छोटा क्लाऊन वर येऊन धापा टाकत होता, रात्री गेला. कॉपरचा एक थेंब अजून टाकला नव्हता, म्हणजे औषधाने नाही, इचनेही नाही, माझ्या घाईने गेला.

ठाण्याच्या एका मित्राने त्याच्या सम्पमध्ये, म्हणजे मेन टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत, महिनाभर पडलेला, बॅक्टेरिया बसलेला स्पंज दिला आणि अमोनिया खाली आला. आता माझ्या सम्पमध्ये एक जास्तीचा स्पंज कायम पडलेला असणार, मासा घ्यायचा असो नसो.

मग कॉपर. बाटलीनुसार आकडा वेगळा, चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनात बांधलेलं असेल तर 2 ते 2.5 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), क्युप्रामाईन नावाचं असेल तर 0.5, एकाचा डोस दुसऱ्याला लावलात तर संपलं. मी दोन-तीन दिवसांत हळूहळू वर नेला आणि डिजिटल चेकरने रोज मोजला. पाणी बदललं की नव्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी घालायचं, पण उन्हाने पाणी आटलं तर नुसतं आरओचं, कारण मीठ आणि कॉपर दोन्ही आतच राहतात. आणि अमोनिया मारायचं कंडिशनर कॉपरसोबत टाकू नका, काही कॉपर त्याने उलट जास्त विषारी होतं. 30 दिवस असं चाललं, आता उरलेले दोघं क्यूटीतच, पण कॉपर नसलेल्या साध्या खाऱ्या पाण्यात आहेत.

मेन टँक मात्र माशांशिवाय रिकामा ठेवायचा. हॉबीत 76 दिवस धरतात, कारण काही पुटी फुटायला फार वेळ घेतात, आणि मासाच मिळाला नाही की सुटलेली पिल्लं उपाशी मरतात. पाहुणे येतात आणि विचारतात, मासे कुठेत? बाथरूमशेजारी. आई म्हणते, 2020 ला आपल्या माणसांच्या हातावर शिक्के मारले होते, तुझ्या माशांना कुठे मारणार?

क्यूटीची जाळी, पाईप, पाण्याचा मग, सगळं वेगळं, ओला हातसुद्धा इकडचा तिकडे नाही. मगाला लाल रंगाचा नियम होता. आज 61 वा दिवस, आणि सकाळी बघतो तर लाल मग बाथरूमच्या बादलीत, बाबांची आंघोळ चालू. नवीन आणलाय, हिरवा, त्यावर मार्करने मोठ्ठं लिहिलंय: माशांचा.