आप्पांच्या वह्या : तिसरी संपत आली

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा आप्पांच्या चार वह्यांपैकी एकच टाईप करून झाली होती, आता तिसरी संपत आलीय. ग्रॅम्प्स ह्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये काल रात्री बघितलं तर ६३८ माणसं झाल्यात. पण त्यातली पंधरावीस डबल पडल्यात असं वाटतंय, त्याचं कारण पुढं सांगतो.

नवीन आलेल्यांसाठी सांगतो, आप्पा म्हणजे माझे थोरले काका, गेल्या श्रावणात गेले. आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, चंदगडची हद्द सायकलवर गाठता येते एवढी जवळ. आप्पा उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डिंगला होते, दिवसभर भट्टीपुढं उभं राहून घरी आले की हातपाय धुवून आधी तिन्ही मुलींचा अभ्यास बघायचे, मग जेवण, आणि मग वही. सुट्टीच्या दिवशी एका मुलीला सायकलच्या मागं बसवायचे आणि कुठल्या तरी पाहुण्यांच्या गावाला. काकू म्हणायची, कुणाकडं लग्न नाही मयत नाही, उगीच कशाला जाऊलासा? ते म्हणायचे, तेच की, उगीच जायला पाहिजे.

हा नाद लागला कसा ते थोरल्या ताईनं परवा सांगितलं. सुगी झाल्यावर हेळवी यायचा, आपल्या सीमाभागात ज्यांचं लहानपण खेड्यात गेलंय त्यांना हेळवी माहीत असणारच, बैल घेऊन येतो, चोपडी उघडून पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वाचतो, नवीन जन्मलेल्यांची नोंद करतो आणि धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावाला जातो. त्या वर्षी त्यानं आमच्या घराण्याची नावं वाचली, आज्जा, पणजा, खापरपणजा, सगळे बापे. आप्पांच्या नावावर येऊन थांबला कारण खाली पोरगा नाही. ताई तेव्हा सात वर्षांची, तिनं विचारलं, आमी तिघी कुठं आहोत ओ? हेळवी बिचारा चांगला माणूस, त्याच्या आज्यापणज्यापासनं तशीच रीत, तो तरी काय सांगणार. आप्पांनी त्याला पायलीभर भात घातला, आणि दुसऱ्या दिवशी खडेबाजारातनं लाल कापडी बांधणीची वही घेऊन आले.

म्हणून ह्या वह्यांत प्रत्येक पान बाईपासनं सुरू होतं. लेक कुठं दिली, सून कुठनं आणली, माहेरचं नाव, सासरचं नाव, देवक, कुलदैवत. मंगसुळीचा खंडोबा कुणाचा, सौंदत्तीची यल्लम्मा कुणाची, जोतिबा कुणाचा. आणि बाजूच्या समासात बारीक अक्षरात भलतंच काहीतरी, ‘गुडघे दुखतात, जिना नको’, ‘भावाशी बोलत नाही, बांधावरनं’, ‘हिला मांडे आवडतात’. सुरुवातीला मी हे टाईप करत नव्हतो, वाटलं वंशावळीशी काय संबंध. चूक होती माझी. पहिली वही परत काढून सगळे समास आता नोट्समध्ये घेतलेत. बांधावरनं न बोलणारी ती दोघं भावंडं पुढच्या यात्रेत आमच्याच सोप्यात शेजारी जेवायला बसली होती हे मला आठवतंय, पण ते ठरवून बसवलेलं होतं हे वही वाचेपर्यंत कळलं नव्हतं.

यात्रा म्हणजे गावची लक्ष्मीयात्रा, आपल्याकडं कितीतरी वर्षांनी एकदा भरते आणि सगळ्या माहेरवाशिणी येतात, अगदी नव्वदीतल्यासुद्धा. आप्पा त्या दिवसांत वही घेऊन अंगणात बसायचे. दुसरी वही जवळजवळ सगळी एकाच यात्रेत भरलीय. तुमच्या गावची यात्रा जवळ आली असेल तर फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून म्हाताऱ्यांजवळ बसा, इतकी माणसं एका जागी परत मिळत नाहीत.

आता डबल नावांचं. लग्नात नाव बदलतात, त्यामुळं माहेरच्या पानावर एक बाई आणि सासरच्या पानावर दुसरी बाई असं होतं आणि ती एकच असते. मी दोन्ही वेगळ्या टाकत गेलो. आता एकेक जोडी तपासून मर्ज करतोय आणि माहेरचं नाव पर्यायी नाव म्हणून ठेवतोय. त्यात आपल्याकडं मामाची मुलगी करायची पद्धत, म्हणजे तीच बाई भाची म्हणून एका फांदीवर आणि सून म्हणून दुसऱ्या. नवीन माणूस टाकायच्या आधी एकदा शोधून बघा, नाहीतर माझ्यासारखं महिनाभर निस्तरत बसाल.

तारखांचं एक सांगतो. आप्पांनी जुन्या लोकांच्या तोंडून शके घेतलेत. शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासनं पाडव्यापर्यंतची गोष्ट असेल तर ७९. शके १८४० च्या आश्विनात आमच्या घरातली तीन माणसं पंधरा दिवसांत गेली, पुढं लिहिलंय ‘मानमोडी’. म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर, इन्फ्लुएन्झाची साथ. त्यातली दोन नावासकट आहेत, तिसरीच्या जागी नुसतं ‘तान्ही लेक, नाव ठेवलं नव्हतं’. आप्पांनी तिलाही पूर्ण ओळ दिलीय, मीही तिला वेगळं माणूस म्हणूनच टाकलंय.

चौथ्या वहीचं अवघड आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसात घराची मागची भिंत पडली तेव्हा ती भिजली, शाई सगळी पसरलीय. पण आप्पा बॉलपेन दाबून लिहायचे. अंधार करून टॉर्च कागदाच्या बाजूनं आडवा धरला की पेनाचे खळगे सावलीत दिसतात, तसे फोटो काढतोय. एका पानाला अर्धा तास लागतो. आतापर्यंत अकरा पानं वाचता आली.

त्या अकरा पानांत चंदगडकडची फांदी आहे. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता, राज्यं बदलली तेव्हा तो कोल्हापूरला गेला आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो, त्यामुळं आमची अर्धी भावकी पलीकडं आहे. तिकडचं १९५६ च्या आधीचं काही शोधत असाल तर बेळगावातही विचारायला विसरू नका. आमच्या पणजीची एक बहीण तिकडं दिली होती, तिचं माहेरचं नाव नेमकं डागाखाली गेलंय, पहिलं अक्षर ‘भ’ किंवा ‘म’, बाकी टॉर्चलाही दिसत नाही.

तिची नात, म्हणजे नात्यानं माझी आत्तीच, अजून आहे. रविवारी जातोय. फोनवर म्हणाली, दुपारनंतर ये बाळा, सकाळी मी काजूत असते. आणि वही घेऊन ये म्हणाली, फोटो नको, आप्पाचं अक्षर बघायचंय.