तुम्ही विचारलंत म्हणून: ही पोरं इतका वेळ बसतात तरी कशी?

पुण्यात पेठेत आमची अभ्यासिका आहे हे कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "तुमच्याकडे पोरं दहा दहा तास बसतात म्हणे, आमचं अर्धा तास टिकत नाही, तुम्ही नक्की करता काय?" विचारणारी कधी दहावीतल्या मुलाची आई असते, कधी वर्क फ्रॉम होमवाला कुणाचा तरी जावई, कधी रिटायर्ड काका ज्यांना पोथी पुरी करायचीय पण व्हॉट्सॲप सोडवत नाही. सगळ्यांना वाटतं माझ्याकडे काहीतरी गुपित असणार, ध्यान, भिजवलेले बदाम, ब्राह्मी, नाहीतर एखादं ॲप. तसं काही नाहीये हो. पण रोज जिन्याखालच्या टेबलाशी बसून बघत असते ना, त्यामुळे सांगण्यासारखं थोडं आहे, तेच लिहिते.

ज्यांनी अभ्यासिका बघितली नाहीये त्यांच्यासाठी, वरच्या मजल्यावर प्लायचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक दिवा, एक चार्जिंग पॉइंट, खुर्ची, बस. मुलं बहुतेक एमपीएससीची, नांदेड, बीड, सोलापूर, जळगाव अशी लांबून आलेली, कॉट बेसिसवर राहतात, मेसला जेवतात आणि महिन्याचे पैसे भरून माझ्याकडे बसतात.

तर पहिलं म्हणजे ते दहा तास खरे नाहीत. दहा तास खुर्ची भरलेली असते एवढंच. सकाळचा वेळ चांगला जातो, मग मेसचं जेवण झालं की निम्मी डोकी टेबलावर असतात, चारला सगळे टपरीवर, तिथे कट ऑफ किती लागणार यावर चर्चा, ती संपता संपत नाही, मग परत येऊन सात ते दहा पुन्हा बरं चालतं. खरा अभ्यास म्हणाल तर पाच-सहा तास, तोही ज्यांचा चांगला चालतो त्यांचा. हे मी मुद्दाम आधी सांगते कारण घरोघरी आया दहा तासांचा आकडा पोराच्या तोंडावर मारत असतात.

आता मोबाईल. सगळ्यांना वाटतं रील्स बघतात म्हणून वाट लागते. रील्सवाला मला लगेच दिसतो, त्याचा अंगठा हलत असतो. खरा घोळ अभ्यासाच्याच मोबाईलचा आहे. चालू घडामोडींची पीडीएफ टेलिग्रामवर, टेस्ट सिरीज ॲपवर, आन्सर की वेबसाइटवर, म्हणजे फोन बाजूला टाका म्हणून सांगायची सोय नाही, आणि पीडीएफ उघडायला म्हणून गेला की वरती चार मेसेज लोंबकळतच असतात, त्यातला एक "भावा जाहिरात आली का" असा भरतीबद्दल विचारणारा असतो, की मग संपलंच. यावर ज्यांचं जमलंय त्यांनी एक साधी गोष्ट केली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून महिन्याच्या पीडीएफचे प्रिंट काढून स्पायरल मारून घेतले. पैसे जातात, त्यावर आमच्याकडे कायम कुरकूर असते. पण कागदावर मेसेज येत नाही.

मी खाली जिन्यापाशी सुताराकडून नंबर घातलेले खण करून घेतलेत, फोन तिथे ठेवायचे. सक्ती नाही. ज्याला बघायचाय त्याने एक मजला उतरून माझ्यासमोरून जायचं, परत चढायचं. गंमत म्हणजे एवढ्यानेच बराच फरक पडतो, जिना चढायचा कंटाळा हा फार उपयोगाचा कंटाळा आहे. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मध्ये असाच एक प्रयोग छापला होता, काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत, सगळे सायलेंटवर, आणि दुसऱ्या खोलीवाल्यांनी डोक्याची कामं जास्त चांगली केली. पुढे दुसऱ्यांनी तसेच प्रयोग केले तेव्हा दर वेळी तेवढा फरक निघाला नाही हेही खरंय. पण माझ्या जिन्यापुरतं मला पटलेलं आहे.

सुरुवातीला खण रिकामेच असायचे. मला वाटलं पोरांना सवय सुटत नाहीये. मग एक परभणीकडची मुलगी सरळ म्हणाली, "काकू, घरी पप्पांना बरं नसतं, फोन आला आणि मी उचलला नाही तर?" तेव्हा कळलं की यांच्यातल्या बऱ्याच जणांनी फोन जवळ ठेवलेला असतो तो मजेसाठी नव्हे, धास्तीने. मग मी माझा नंबर सगळ्यांच्या घरी द्यायला लावला. काही अर्जंट असेल तर काकूंना फोन करा, काकू वर जाऊन बोलावतील. तसे फोन येतात किती, अगदी क्वचित. पण कुणीतरी उचलणारं आहे म्हटल्यावर खण भरायला लागले.

माझं उत्तर खरं म्हणजे इथेच आहे. एक माणूस लक्ष लावून बसतो तेव्हा दारावरची बेल, कुरिअर, फिल्टरवाला, पाण्याची मोटर, "अर्जंट आहे का हो" हे सगळं दुसरं कुणीतरी झेलत असतं. आमच्याकडे ते मी झेलते आणि त्याचे पैसे घेते. पोरांना वाटतं ती खुर्चीचे पैसे देतात.

आता घरी बघा. परवा एक बाई म्हणाल्या, मुलगा पुस्तक घेऊन बसला की दहा मिनिटांत उठतो. मी विचारलं, तो बसल्यावर तुम्ही हाका किती मारता? त्या हसल्या. दळण आण, कुकरच्या शिट्ट्या मोज, आजोबांना ओटीपी सांग, जरा कोथिंबीर आणतोस का, त्यात हॉलमध्ये सिरीयल. ग्लोरिया मार्क म्हणून कॅलिफोर्नियातल्या एक संशोधक आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं ऑफिसातल्या माणसांमागे घड्याळ घेऊन बसून मोजलंय, की कामात खंड पडला की मूळ कामाकडे वळायला सरासरी २३ मिनिटांच्या आसपास लागतात, कारण माणूस मध्ये आणखी एकदोन कामं उरकून मगच परत येतो. कोथिंबिरीचं तेच होतं, आणायला गेलेला मुलगा खाली मित्राशी बोलून, पाणी पिऊन, टीव्हीसमोर उभा राहून मग खोलीत येतो. आणि त्यांनीच दाखवलंय की जवळजवळ निम्मे अडथळे माणूस स्वतःच स्वतःला आणतो, तेव्हा सगळं खापर आईच्या डोक्यावर नको. पण निम्मे तर बाहेरचे ना, ते तरी कमी करता येतील.

आणि आईचं स्वतःचं काय? तिला कुणी "फोकस कर" म्हणून सांगतं तेव्हा मला हसूच येतं. एका गॅसवर दूध, दुसऱ्यावर भाजी, दारात कचरेवाला, अशा बाईचं लक्ष भरकटत नाहीये, तिचं कामच असं आहे की तिने चारी बाजूंना बघत राहायचं. तिला टाइमर आणि ॲप देऊन काय उपयोग, तिला हवीय दुसऱ्या कुणीतरी बेल उघडण्याची सोय. मला विचारायला येणाऱ्या बायकांना मी हेच सांगते, ध्यानाचा क्लास नंतर लावा, आधी नवऱ्याला सांगा साडेआठ ते साडेनऊ दार, फोन आणि पोरं तुझी. तो म्हणेल हो, आणि पंधरा मिनिटांत विचारेल साखर कुठेय. सांगू नका. शोधेल.

हे एका घरापुरतंच आहे असंही नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे २०२२ च्या १५ ऑगस्टपासून गावाने ठरवलं, संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, ८.३० ला पुन्हा वाजला की चालू. लॉकडाऊननंतर पोरं फोन सोडेनात म्हणून शिक्षक हैराण झाले होते. पण मला त्यातलं आवडलं ते हे, की सुरुवातीला आशा ताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे लोक, रिटायर्ड शिक्षक असे घरोघरी फिरून सांगत होते. दीड तास मुलांना शांत मिळावा म्हणून मोठ्यांनी पायपीट केली आणि ऐन सिरीयलच्या वेळेला टीव्हीवर पाणी सोडलं. एकट्या मुलाला "फोन ठेव" म्हणून स्वतः शेजारी व्हिडिओ बघत बसणारे आईबाप मी रोज बघते, त्यामुळे मला त्या भोंग्याचं फार कौतुक आहे.

बरं, सगळं बाहेरचंच नसतं. जागा शांत, फोन खाली, तरी मुलगा खिडकीतून बघत बसलेला असतो. यात दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे काय करायचंय हेच ठरलेलं नसतं. "आज पॉलिटी करणार", म्हणजे राज्यघटनेचा अख्खा विषय, म्हणून बसलेला पोरगा सगळ्यात जास्त वेळा पाणी प्यायला उठतो. "जेवायच्या आधी ७३वी घटनादुरुस्ती, ग्रामसभेपासून राज्य वित्त आयोगापर्यंत" असं चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवलेला उठत नाही, निदान कमी उठतो. दुसरा प्रकार काळजीचा. त्या परभणीच्या मुलीचीच वही एकदा टेबलावर उघडी राहिली होती, मागच्या पानावर बारीक अक्षरात, मेसचे पैसे, रिचार्ज, आईला बीपीची गोळी विचारणे, दादाचं लग्न कधी, जातीचा दाखला. डोक्यात आलं की मागच्या पानावर टाकते आणि रात्री खोलीवर जाताना एकेक बघते, असं म्हणाली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मीही आता किराणा आणि लाईट बिल तसंच लिहिते.

आणखी एक, जाता जाता. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, पूर्वी पर्यायांना गोल करायचे, आता तीन तास हाताने उत्तरं लिहायची. तेव्हापासून हॉलचा आवाजच बदललाय, पेनांची खरखर येते, आणि एक गंमत दिसतेय की लिहिणारी मुलं वाचणाऱ्यांपेक्षा कमी भरकटतात. वाचताना डोळे ओळीवरून पुढे जातात आणि मन गावाला गेलेलं असतं, दोन पानं उलटून झाली तरी पत्ता लागत नाही, लिहिताना तसं होत नाही, मन गेलं की हात थांबतो. तेव्हा ज्यांचं वाचनात लक्ष लागत नाही त्यांनी हातात पेन घेऊन बघा, परीक्षा असो वा नसो. पोथीवाल्या काकांना मी हेच सांगितलं, रोज पाच ओव्या उतरवून काढा. ते लिहितायत, फक्त झाल्या की वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि मग उत्तरं बघत बसतात, ते काही मला थांबवता आलेलं नाही.

शेवटचं, कारण हेही विचारता, की मग एवढं लक्ष लावून पास किती होतात. थोडे होतात. लाखांनी अर्ज आणि काहीशे जागा असतात, त्यात मन लावून बसलेलीही कितीतरी परत जातात, आणि त्यांच्या घरच्यांनी "लक्ष नव्हतं तुझं" म्हणू नये एवढी माझी विनंती आहे. दहावीवाल्यांसाठी मात्र माझ्याकडे जागा नाही, चौकशीचे फोन करू नका, त्यांना घरातलीच एक खोली द्या आणि कोथिंबीर स्वतः आणा.