टूलबारवर 'पेमेंट आलं का?'

आमचं टॉवेल एक्स्पोर्टचं ऑफिस, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. आज तिथल्या आउटलुकला, म्हणजे मेलच्या प्रोग्रामला, अॅड-इन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकून आमचा स्वतःचा टूलबार बसवला. 'सॅम्पल', 'पॅकिंग लिस्ट' आणि 'पेमेंट आलं का?' तिसरं दाबलं की तयार मजकुराचा मेल उघडतो, इनव्हॉइस नंबर तेवढा भरायचा. सगळ्यात आधी तेच झिजणार!

आउटलुक २००७ च्या मुख्य खिडकीत टूलबार आपला आपण बनवता यायचा. आउटलुक २०१० मध्ये तिथे रिबन आली, म्हणजे टॅबांत मांडलेली बटणांची पट्टी. रिबनवर आपला टॅब काढता येतो म्हणा, पण बटणामागे असं काम लावायचं तर अॅड-इन बरं.

इन्स्टॉल करताना आउटलुक बंद ठेवा. मग ते उघडून फाइल, ऑप्शन्स, अॅड-इन्स. खाली 'कॉम अॅड-इन्स' (आमचं याच जातीचं) निवडून 'गो', तिथे टिक आहे ना बघा. सुरू व्हायला वेळ घेणारं अॅड-इन आउटलुक स्वतःच बंद करतं. आणि 'न्यू आउटलुक'कडे वळू नका, त्यात कॉम अॅड-इन चालतच नाहीत.

डिस्पॅचचे काका मागे उभे राहून बघत होते. "आम्हाला पण एक बटण दे की बे, गाडी कुठवर आली विचारायचं."
देतो की. पण ड्रायव्हर मेल बघतो कुठं, काका?