माठातला चहा

१८ जुलै, रात्री पावणेअकरा

आज माठ उघडला. मार्चअखेर झाकण ठेवून वरून सुती कापड बांधलं होतं. तेव्हापासून दर रविवारी आतल्या आर्द्रतामापकाचा आकडा बघण्यापुरतंच ते सोडत होते. तळाशी पणतीत ओली खापरी ठेवूनही मे महिन्यात आकडा ४८ वर उतरला. त्या दिवसांत पारा ४५ च्या वर होता आणि खोलीतल्या हवेत २० टक्केही ओल नव्हती. आज ६६. आठ दिवसांपासून झड लागली आहे, आणि ती मातीच्या भिंतीतून आत पोचली.

दाबून केलेल्या चहाच्या चकतीचा कागद उलगडून आधी नुसता वास घेतला. मार्चमध्ये ती गप्प होती. वाळल्या गवताचा हलका वास यायचा, बाकी काही नाही. आज जर्दाळूसारखं काहीतरी गोड आणि त्यामागे जुन्या सागवानी कपाटाचा वास आला. आजवर कुठल्याही वासासाठी मी एवढा भरवसा ठेवून इतके महिने थांबलेली नाही.

हा पू-अर चहा. चीनच्या युनान प्रांतातला, मोठ्या पानाचा. आपल्या आसामच्या चहाचीच जात, पण रीत वेगळी. कच्च्या प्रकाराला शंग म्हणतात. पानं थोडी कोमेजू द्यायची, कढईत परतायची, मळायची आणि उन्हात वाळवायची. मग वाफ देऊन दाबून चकती करायची. इतर बहुतेक चहा डब्यात गेला की त्याचं वय संपतं, याचं तिथून सुरू होतं. त्याला ऊब लागते आणि ओल लागते. युनानची राजधानी खुनमिंग, तिथल्या थंड, कोरड्या हवेत तो सावकाश मुरतो, हाँगकाँगच्या दमट हवेत भराभर. नागपूर या दोन्हींत बसत नाही. इथं चार महिने ओल आणि उरलेले आठ महिने ती उतरतच जाते. म्हणून मी माझ्यापुरत्या नोंदी ठेवते. प्रत्येक वेळी किती काढला आणि कसा लागला, ते कागदाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिते.

पहिल्या उन्हाळ्यात हीच चकती मी कूलरच्या खोलीत ठेवली होती. तिथं ओल आहे, तर बरंच होईल, हा हिशोब. जूनमध्ये कप तोंडाला लावला तर वाळ्याचा वास. कूलरला त्या वर्षी नवा वाळा बसवला होता आणि चहानं तो सगळा पिऊन टाकला होता. चहा शेजार्‍याचा वास घेतो हे वाचून माहीत होतं, पण सकाळ-संध्याकाळ कूलरसमोर बसणार्‍या माणसाला तो वास येईनासाच होतो. चकती वर्षभर कोरड्या कपाटात एकटी ठेवली, तेव्हा कुठं तो वास गेला. माठ त्यानंतर आणला, पाणी भरायचाच, पण कोरा, एकदाही पाणी न भरलेला. नव्या माठाला मातीचा वास असतो, म्हणून महिनाभर उन्हात तापवला.

खरेदीतही ठेच लागलीच. अगदी सुरुवातीला एका ऑनलाइन विक्रेत्याकडे ‘७५४२’ असं छापलेली चकती दिसली आणि खाली लिहिलेलं, १९७५ चा वारसा. मी १९७५ चा चहा समजून पैसे भरले. आली ती दोन-तीन वर्षांची, तिखट आणि तुरट. आकडे वाचायला नंतर शिकले. पहिले दोन म्हणजे ती पाककृती कोणत्या सालची, तिसरा पानाची प्रत, चौथा कारखान्याचा क्रमांक. १ खुनमिंग, २ मंगहाय, ३ श्यागुआन. म्हणजे ७५४२ हा मंगहाय कारखान्याचा, १९७५ च्या पाककृतीचा, आणि तो आजही नवा बनतो. चहा मुळात चांगला असतो हा, फसवणूक वर्णनात होती. त्यानंतर मी आधी २५ ग्रॅमचा नमुना मागवते, दोन-तीनदा पिते, मगच ३५७ ग्रॅमची अख्खी चकती. ‘शेकडो वर्षांच्या झाडाचा’ असं छापलेलं असलं की जास्तच सावध होते. तसली झाडं आहेत. युनानमधल्या चिंगमायच्या डोंगरातल्या जुन्या चहाच्या वनांना २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. पण झाडं मोजकी आणि त्यांच्या नावाचे कागद भरपूर.

आज ७ ग्रॅम काढला. चकती फोडताना सुई कडेनं आडवी सरकवायची, म्हणजे पानं तुटत नाहीत. तुटकी पानं जास्त कडू उतरतात. १०० मिलिलिटरच्या झाकणाच्या वाटीत (तिला गायवान म्हणतात) उकळतं पाणी, पहिलं पाणी ओतून टाकलं, मग त्याच पानांवर पुन्हा पुन्हा नवं पाणी, दर वेळी दहा-दहा सेकंद. पाणी नळाचं, गाळून घेतलेलं. आरओच्या पाण्यात हा चहा मला पोकळ लागतो. आणि गंमत बघा, खुनमिंग एवढ्या उंचीवर आहे की तिथं पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. आपल्या नागपुरात ते ९९ पर्यंत जातं. इथला घोट तिथल्यापेक्षा कडक उतरतो, यात आपल्या हवेच्या दाबाचाही हात आहे.

तिसर्‍या पाण्याला बाबा आले.

‘काय करून राहिली वं?’

‘चहा आहे बाबा. बसा.’

‘एवढुशा कपात?’

बसले. बाबा दिवसातून तीनदा आलं घातलेला, दुधाचा, गोड चहा पितात. मी आजवर त्यांना शंग दिला नव्हता. शोउ, म्हणजे पिकवलेला, एकदा दिला होता. तो ढीग करून, पाणी मारून, झाकून दीड-दोन महिने आंबवतात. १९७३ च्या सुमारास खुनमिंगच्या कारखान्यात ही रीत बसवली, कारण जुन्या शंगची वाट बघायला लोकांना वेळ नव्हता. बाबा म्हणाले होते, बरा आहे, मऊ आहे. संत्र्याच्या सालीतला शोउही दाखवला होता. दक्षिण चीनमधल्या शिनह्वेइचं कोवळं हिरवं संत्रं पोखरून त्यात चहा भरून सुकवतात. तिकडं त्या फळाची साल वर्षानुवर्षं जपतात आणि गर बहुतेक फेकून देतात, हे सांगितलं तर बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. काटोलला आमच्या मामांची संत्र्याची बाग आहे. अंबिया बहाराचा माल उतरताना सालींचे ढीग बाबांनी आयुष्यभर गुरांपुढं टाकलेले पाहिले आहेत.

आज त्यांनी घोट घेतला, तोंड आक्रसलं.

‘कडू आहे.’

मी काही म्हटलं नाही. त्यांनी शेजारचा पाण्याचा पेला उचलला, दोन घोट प्यायले आणि पेल्यात बघितलं.

‘पाण्यात साखर टाकली काय?’

‘नाही बाबा.’

‘मग गोड कसं काय लागून राहिलं? आवळा खाल्ल्यावर पाणी लागते तसं.’

चिनी लोक याला ह्वेइ कान म्हणतात, परतून येणारा गोडवा. दोन वर्षं मी वहीत ते सांगायचा प्रयत्न करते आहे. ‘घशाशी उशिरा उमटणारी गोडी’, ‘कडवटानंतरची शीतलता’, असलं बरंच लिहून खोडलं. आणि बाबांनी शाळेच्या वाटेवरचा आवळा काढून दिला. आम्हीही खायचो तो, मीठ लावून, आणि मग शाळेच्या टाकीच्या नळाला तोंड लावायचो, त्या गोडीसाठीच. तुरटपणाही तोच, जिभेच्या कडांना धरणारा. एवढं सरळ असताना मी जर्दाळू आणि सागवान लिहीत बसले होते.

पाचव्या पाण्याला बाबांनी कप स्वतः पुढं केला. आठव्याला रंग फिका झाला, गोडी मात्र होती. अकराव्यापर्यंत आम्ही दोघं बसलो. खिडकीबाहेर पाऊस चालूच होता आणि आईची एक हाक आली, जेवायचं आहे की नाही.

उठताना बाबा म्हणाले, ‘पोळ्याला काढ पुन्हा. तोवर ठेव झाकून.’

कागदाच्या आत लिहून ठेवलं: १८ जुलै. ७ ग्रॅम. आवळा. उरली २१९.