तुम्ही विचारलंत म्हणून : आणल्या आणल्या प्लग का नाही लावला?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण काकांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, जुना अँप्लिफायर बघून हेच विचारतो. "माळ्यावर इतकी वर्षं पडून होता ना? मग चालतो की नाही हे आधी प्लग लावून का नाही बघितलंत?"

नाही बघितलं, कारण असं यंत्र वापरून बिघडतं त्याहून जास्त पडून राहून बिघडतं. आत वीज साठवून सपाट करणारे जे मोठे फिल्टर कंडेन्सर असतात, त्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो आणि वीज अडवून धरतो तो तोच. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की हा थर विरतो. त्यावर एकदम ३०० व्होल्ट सोडले तर कंडेन्सर तापतो, फुगतो, कधी फुटतोही, आणि सोबत ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कंडेन्सर नवा मिळतो. काकांच्या अँप्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर मला परत कुठे मिळणार होता?

त्यात आमचं गोव्यातलं फोंडा. पावसाळ्यात इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर मेणकागदाच्या छोट्या कंडेन्सरची काय कथा! कागद ओल धरतो, कंडेन्सर गळू लागतो आणि जो व्होल्टेज अडायला हवा तो पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे आतला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, जाऊन बसतो. मी फिल्टर कंडेन्सर बदलले, पण हे छोटे दिसायला धड होते म्हणून तसेच ठेवले. दहा मिनिटांत ईएल ८४ जातीच्या दोन व्हॉल्व्हपैकी एकाची प्लेट लाल होऊ लागली. धावत जाऊन स्विच बंद केला. दुसऱ्या दिवशी ते सगळे काढून ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीनचे बसवले.

तुम्हीही करणार असाल तर पहिल्यांदा वीज द्याल ती सिरीज बल्बमधून, म्हणजे विजेच्या वाटेतच जोडलेल्या बल्बमधून. बल्ब तारेचा, ६० वॅटचा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतकी वीज उरते, म्हणून १० किलोओहमच्या ५ वॅटच्या रेझिस्टरने ती उतरवायची, मीटरने खात्री करायची, मगच हात घालायचा. हे मी माझ्या भाच्यालाही दर वेळी नव्याने सांगतो.

गणेश चवथीच्या आदल्या रात्री पहिली तबकडी लावली ती आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची. स्पीकरमधली घुमघुम जवळजवळ गेली होती. बाबा आतून उठून आले आणि तबकडी संपेपर्यंत दारातच उभे राहिले.

आता पावसाळ्यात दर रविवारी तासभर लावतो. व्हॉल्व्हच्या उबेने आतली ओल निघून जाते.