हो, माहितीय

१९ ऑगस्ट

सकाळी पावसाची जरा उघडीप होती म्हणून पडवीतली आंब्याची कलमं मोजली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बांधलेली ४०, जिवंत ७. बाकीच्यांच्या काड्या काळ्या पडल्यात. एकीला नुसता हात लावला तर खाचेतून अलगद बाहेर आली. काकांनी त्याच दिवशी, त्याच पडवीत बांधलेल्या २५ पैकी २२ फुटलीत. कोयी त्याच रायवळच्या, काड्या त्याच हापूसच्या. म्हणजे सबबी संपल्या.

खरं लिहायचं तर काका त्या दिवशी सगळं सांगत होते. "काडीवरची पानं आठ दिवस आधी उतरवलीस ना रे? डोळा फुगायला हवा." हो, माहितीय. (उतरवली होती आदल्या संध्याकाळी.) "रोपाच्या जाडीचीच काडी घे." हो, माहितीय. "कापाला बोट लावू नको." माहितीय हो काका! कोय कलमाचे (कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर काडी बांधायची, त्याचे) चार व्हिडिओ बघून बसलो होतो ना मी. मुंबईत बावीस वर्षं दुसऱ्यांना ट्रेनिंग देण्यात गेली, त्यात स्वतः ऐकायची सवयच मोडली असावी.

आज दुपारी मेलेलं एक कलम घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी प्लास्टिकची पट्टी उलगडली, काडी काढली आणि पाचर (काडीचं तासलेलं निमुळतं टोक) माझ्या डोळ्यांपुढे धरली. पाचरीवर तीन पायऱ्या. "तीनदा चाकू फिरवलास. मध्ये पोकळी राहिली, तिथं कुजलं." सालीच्या आतला हिरवा थर रोपाच्या तशाच थराला भिडला तर कलम जगतं, हे मला पाठ होतं. पायऱ्या दिसल्या नव्हत्या.

मग त्यांनी मला बांधूच दिलं नाही. रायवळच्या काड्यांचा भारा पुढे टाकला आणि नुसत्या पाचरी करायला बसवलं. चारेक सेंटिमीटर लांब, दोन्ही अंगांनी एकेकच घाव. प्रत्येक पाचर चाकूच्या पात्याला टेकवून उजेडाकडे धरायची, मधून उजेड दिसला की फेकायची. पहिल्या वीस-बावीस फेकल्या. अंगठा कापला, तेव्हा फक्त "हळद लाव" एवढंच बोलले.

काकांचं वय ७८. ते पोरवयात शिकले ते भेट कलम. आंब्याला मांडव घालायचा, रोपांच्या कुंड्या वर फांदीपाशी नेऊन बांधायच्या आणि दोन-तीन महिने त्यांना पाणी घालायला चढायचं. कोय कलम नंतर आलं. ते त्यांनी आपल्याहून लहान पोरांकडून शिकून घेतलं. मी विचारलं, राग नाही आला? म्हणाले, "राग कसला? मांडवावर चढणं सुटलं." वर हसले. मला मात्र जुलैतला माझा आवाज आठवून कसंतरीच झालं.

उशिरा रुजत घातलेल्या कोयींची १२ रोपं होती, ती संध्याकाळी बांधली. पानांचा तांबूसपणा अजून गेला नव्हता, म्हणजे रोपं कोवळी होती, म्हणून काकांनी परवानगी दिली. पट्टी आवळताना माझ्या हातावर हात ठेवून किती ओढायची ते दाखवलं. हे कुठल्या व्हिडिओत कळणार?

निघताना त्यांनी विचारलं, "पागोळ्या पडत नाहीत ना रे, ठेवणार आहेस तिथं?"

"हो, मा..." इथवर आलं होतं तोंडात. गिळलं. पिशव्या पडवीत मांडल्या, पुन्हा सर आली तेव्हा टॉर्च घेऊन बघायला गेलो. कडेच्या दोन पिशव्यांत बरोबर धार लागली होती. आत सरकवल्या.